माडीवरची साय

“माडीवर गेला होतास?” ओदेतने विचारलं.

ती आणि झेली आत्या नुकत्याच तिच्या बाबांना भेटून इस्पितळातून परतल्या होत्या. आत्या बूट काढायला आतल्या खोलीत गेली होती. ओदेतच्या अंगात अजून कोट होता, आणि माडीच्या जिन्याची किल्ली जेवणाच्या टेबलावर पडलेली तिला दिसली होती.

तिचा नवरा आर्मां चुलीपाशी उभा राहून हात पुसत होता. दिवसभर मनासारखं काम झालं की माणसाच्या चेहऱ्यावर एक नम्र समाधान येतं, तसं त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं. त्याने आतल्या खोलीचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“गेलो होतो. सगळं केलं. फक्त बाबांना काही बोलू नकोस. त्यांना लाज वाटेल.”

“कशाची लाज?”

“अगं, पिंपांची. सातही पिंपं अर्धवट. कोपऱ्यातल्या जुन्या पिंपात तर हा एवढा खड्डा. आणि वर पांढरी बुरशी, जाड, सुरकुतलेली. किती वर्षं हात लागला नसेल कोणाचा. म्हाताऱ्या माणसाला जिना चढवत नसणार, आणि सांगायची चोरी. म्हणून किल्ली कोणाला देत नव्हते ते. मला आज उलगडा झाला. मी म्हटलं, आपण कशाला बोलायचं? गुपचूप भरून ठेवली.”

“काय भरून ठेवलंस?”

“पिंपं. काठोकाठ.”

ओदेत खुर्चीवर बसली. कोटासकट.

“कशाने भरलीस?”

“खालच्या टाकीतल्या नव्या पांढऱ्या वाइनने. चांगली आहे.”

“आणि ती बुरशी?”

“काढली ना. नळी बुरशीच्या खाली घालायची आणि सावकाश ओतत राहायचं. घाण आपोआप वर येते, बुचाच्या भोकातून बाहेर पडते. फडक्याने टिपून घ्यायची. एकाही पिंपात कण ठेवला नाही.”

ओदेतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आर्मांला वाटलं, ती भारावली.

आर्मां मूळचा बर्गंडीचा, म्हणजे आमच्या डोंगराखाली जे मैदान पसरलंय त्याच्या पलीकडच्या कडेचा. त्याचा बाप आणि आजा एका मोठ्या घराण्याच्या तळघरात पिंपं सांभाळत होते. तिकडे पिंपातली वाइन उडून बोटभर खाली गेली तरी माणसं अस्वस्थ होतात. दर सोमवारी झारी घेऊन तळघरात उतरायचं आणि प्रत्येक पिंप बुचापर्यंत भरायचं, हे तिकडचं पहिलं शिक्षण. भरलेलं पिंप म्हणजे शुद्धीतला माणूस, अर्धवट पिंप म्हणजे दारुडा, आणि ज्याच्या वाइनवर पांढरं आलं त्याच्या घरी मुलगी देत नाहीत.

आम्हा मोंब्रे गावच्या लोकांचं उलटं आहे. आमची पिवळी वाइन पिंपात भरायची ती मुळातच कमी भरायची. मग पिंप माडीवर ठेवायचं, उन्हाळ्यात तापेल आणि हिवाळ्यात गारठेल अशा ठिकाणी, आणि सहा वर्षं तीन महिने त्याच्याकडे पाठ करायची. वाइन उडत जाते, पोकळी वाढत जाते आणि वर साय धरते. दुधावर धरते तशीच, फक्त ही जिवंत असते. ती हवेला आडवी पडते आणि तिच्याखाली वाइन हळूहळू पिवळी होते, तिला अक्रोडाचा वास येतो. साय फाटली की संपलं. ही गोष्ट आमच्या गावात कोणी कोणाला सांगत नाही, कारण ती ठाऊक नसलेला माणूस असू शकतो हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आर्मांलाही कोणी सांगितली नव्हती. तो जाकमारांच्या घरी घरजावई होऊन आला त्याला दीड वर्ष झालं होतं. लाल वाइन, पांढरी वाइन, मळा, घोडा सगळं त्याच्या हातात दिलेलं होतं. माडी तेवढी सासऱ्याची.

सासरा, म्हणजे आन्सेल्म जाकमार, मार्चमध्ये वेली छाटताना बांधावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. त्याला गाडीत घालताना त्याने कमरेची किल्ली सोडली आणि जावयाच्या हातात ठेवली. म्हणाला, “पिंपांकडे बघत जा. तुझ्या बापाच्या घरची असल्यासारखी बघ.”

त्याला एवढंच म्हणायचं होतं की मधूनअधून डोकावून पिंप गळत नाही ना ते पाहा. पण आर्मांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डोळ्यांत पाणी आलेला माणूस शब्द फार मनावर घेतो. शनिवारी बायका इस्पितळात गेल्या तसा तो बाह्या सरसावून माडीवर गेला, आणि दिवस मावळेपर्यंत खाली उतरला नाही. जाकमारांना थोडा आळशी जावई मिळाला असता तर काही बिघडलं नसतं.

दार उघडून झेली आत्या आली. ही आन्सेल्मची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, पण त्या घराचा सगळा इतिहास तिच्यापाशी होता. गिऱ्हाइकं आली की ती पुढच्या खोलीत त्यांना बसवायची आणि चीजचे तुकडे व अक्रोड पुढे ठेवून सुरू व्हायची. मूळ पुरुष तूसँ जाकमार मिठाच्या गाड्या हाकायचा. वाटणीवरून त्याचा भावाशी खटला लागला. खटल्याच्या पायी तो माडीवरचं एक पिंप साफ विसरला. खटला हरून घरी आला तेव्हा त्या पिंपात ही वाइन सापडली. तेव्हापासून, आत्या बोट वर करून सांगायची, या घरात तीच साय चालत आली आहे. एका पिंपातून दुसऱ्यात, बापाकडून मुलाकडे. राजा गेला, रोगाने अख्ख्या डोंगरावरच्या वेली गेल्या, दोन लढाया झाल्या, पण बाहेरची साय या घरात शिरली नाही. इथे गिऱ्हाईक बाटल्यांचा आकडा वाढवायचं.

“आत्या,” ओदेत म्हणाली, “याने साय काढली.”

“कोणत्या पिंपातली?”

“सगळ्या.”

आत्या दारातच उभी राहिली. मग आर्मांकडे वळून तिने अगदी शांतपणे विचारलं, “फडकं कुठाय?”

फडक्याला चिकटलेली असली तर अजून आशा होती, हे आर्मांला नंतर कळलं. त्या वेळी त्याला वाटलं, आत्या त्याची स्वच्छता तपासतेय.

“उकळून वाळत घातलंय,” तो म्हणाला.

“हुशार आहे हो जावई,” आत्या म्हणाली, आणि तीही खुर्चीवर बसली.

मग दोघींनी मिळून त्याला सगळं सांगितलं. सांगताना ओदेत रडली नाही, ओरडली नाही. आर्मांला त्याचीच जास्त भीती वाटली. त्याच्या बोटांना अजून वाइनचा वास येत होता. सहा वर्षांचं काम त्याने एका दिवसात धुऊन, पुसून, उकळून टाकलं होतं, आणि खाली येताना तो शीळ घालत होता.

“भरलेलं परत काढतो,” तो म्हणाला.

“काढ. पाणी घातलेल्या दुधातलं पाणी काढतात तसं काढ,” आत्या म्हणाली.

“साय पुन्हा नाही येत?”

“येते कधीकधी. बहुतेक वेळा त्याच्या आधी व्हिनेगर येतं.”

तिघेही छताकडे पाहू लागले. वर माडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा व्हायच्या आधी आत्याने ओदेतला एक खोलगट चिनी मातीचं भांडं दिलं, झाकणासकट, आणि म्हणाली, “मागच्या दाराने जा.”

“कुठे?”

“गोद्रेंकडे.”

ओदेतने आत्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

गोद्रे म्हणजे पलीकडचं घर. दोन्ही माड्यांच्या खिडक्या समोरासमोर, मधे एक गल्ली. गल्लीत जाकमारांच्या पन्हळीचं पाणी गोद्रेंच्या भिंतीवर पडतं की गोद्रेंच्या भिंतीने जाकमारांच्या पन्हळीखाली येऊन उभं राहायला नको होतं, यावर त्या दोन घरांत तीन पिढ्या बोलणं नव्हतं. पुरुष एकमेकांच्या प्रेतयात्रेला जायचे, पण टोपी काढायचे नाहीत.

“जाऊ कशी? आणि मागू काय?”

“साय माग. विरजण मागतात तशी.”

“आपल्या घरात बाहेरची साय शिरलेली नाही ना, आत्या?”

आत्या थोडा वेळ भांड्याचं झाकण पुसत राहिली. “मी नऊ वर्षांची होते,” ती म्हणाली. “घरात घटसर्प झाला. डॉक्टरने सगळ्या खोल्यांतून गंधक जाळायला लावला. पोरं वाचली, साय मेली. तेव्हा आईने हेच भांडं देऊन मला धाडलं होतं. गोद्रेंच्या आजीने एक शब्द न विचारता भरून दिलं. कारण त्याच्या आधी कधीतरी त्यांची माडी जळाली होती तेव्हा त्यांनी आपल्याकडून नेली होती. हे पुरुषांना ठाऊक नाही. त्यांना सांगून काय करायचंय, ते लगेच पन्हळीवर जातात.”

“मग तू गिऱ्हाइकांना जे सांगतेस ते?”

“ते गिऱ्हाइकांसाठी आहे. जा आता, घंटा होईल.”

गोद्रेंच्या मागच्या दारात लेओंतीन गोद्रे कोंबडीची पिसं काढत बसली होती. साठीची, जाडजूड बाई. तिने वर पाहिलं आणि हातातली कोंबडी खाली ठेवली.

“कोण गेलं? आन्सेल्म?”

“कोणी नाही, काकू. बाबा बरे आहेत.”

“मग तू इथे कशी?”

ओदेतने भांडं पुढे केलं. लेओंतीनने आधी भांड्याकडे पाहिलं, मग गल्लीच्या दोन्ही टोकांना.

“कोणी केलं?”

“माझ्या नवऱ्याने.”

“तो बर्गंडीवाला ना? पिंपं भरली असतील.”

“भरली.”

“पुसलंही असेल वरून.”

“पुसलं.”

“फडकं?”

“उकळलं.”

लेओंतीनने डोळे मिटले. तिचे खांदे हलू लागले. ओदेतला आधी वाटलं बाई रडतेय. मग कळलं की आवाज होऊ नये म्हणून ती तोंडावर पदर धरल्यासारखा अ‍ॅप्रन धरून हसतेय.

“बस इथे. आमचे म्हातारे दाढी करतायत, तेवढ्यात आणते,” ती म्हणाली. परत आली तेव्हा भांड्यात तळाशी वाइन होती आणि वर फिकट पांढरी, सुरकुतलेली साय तरंगत होती. “हात हलवू नकोस. आभार मानू नकोस, मानलेस की तुला काहीतरी आणून द्यावंसं वाटेल आणि ते कोणाला तरी दिसेल. आणि आज चर्चमध्ये माझ्याकडे बघायचं नाही. नेहमीसारखं तोंड फिरवायचं.”

“हो, काकू.”

“नीट फिरव. गेल्या रविवारी तू जरा कमी फिरवलं होतंस.”

त्या दिवशी आर्मां चर्चला गेला नाही. त्याने प्रत्येक पिंपातून वाइन काढून पोकळी केली. मग लांब दांड्याच्या चमच्यात सायीचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, चमचा भोकातून आत सोडायचा, वाइनला टेकवायचा आणि हलकेच बाजूला काढायचा, असं आत्या सांगत गेली तसं तो करत गेला. दोन तुकडे बुडाले. बुडालेल्या तुकड्याकडे तो विहिरीत पडलेल्या पोराकडे बघावं तसा बघत राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. एप्रिल अर्धा झाला तरी हवा गार होती, आणि गारठ्यात साय वाढत नाही. रोज सकाळी तो मेणबत्ती आणि छोटा आरसा घेऊन वर जायचा, भोकातून आरसा तिरपा धरून आत बघायचा. काल दिसलेलं बेट आज तेवढंच आहे की लहान झालंय, हे त्याला ठरवता येईना. मग तो बुचाला नाक लावायचा. एकदा व्हिनेगरचा वास आला. तो धावत खाली आला तेव्हा आत्या सॅलड कालवत होती. जेवण त्याला जाईना. सूपाची वाटी समोर आली की त्यावर धरलेल्या सायीकडे तो टक लावून बसायचा आणि ओदेतला चमचा बुडवायला द्यायचा नाही.

गुरुवारी इस्पितळात जायची पाळी त्याची असायची. आन्सेल्म पाय टांगून पडलेला असायचा.

“काय जावईबापू, कशी आहेत मंडळी?”

“ठीक आहेत, बाबा.”

“गळत नाहीत ना?”

“एक थेंब नाही.”

“तू हात नाही ना लावलास?”

आर्मांने खिशातून अक्रोड काढले आणि एकेक करून फोडायला घेतले. त्या दिवशी त्याने म्हाताऱ्यालाच नव्हे, खोलीतल्या सगळ्या रोग्यांना अक्रोड फोडून दिले. आन्सेल्म त्याच्याकडे बघत होता.

परतताना तो स्टेशनवर थांबला आणि बर्गंडीला जाणाऱ्या गाडीची वेळ विचारली. एकाच माणसाचं तिकीट कितीला पडतं, तेही विचारलं. स्टेशनमास्तर हा आमच्या गावातला मोकळा माणूस. संध्याकाळपर्यंत जाकमारांचा जावई पळून चाललाय हे गावाला कळलं, आणि तो का पळतोय याचा शोध गावाने दोन दिवसांत लावला. त्यानंतर आर्मां रस्त्याने निघाला की लोक त्याला फार प्रेमाने विचारायचे, “काय, भरलं का सगळं?” पाववाल्याने त्याची टोपली गच्च भरून दिली. चर्चमध्ये पाद्रीबाबांनीसुद्धा पेला जरा जपून भरला, असं म्हणतात.

ओदेतला तिकिटाचं कळलं तेव्हा ती म्हणाली, “दोघांचं का नाही विचारलंस?”

“तू कशाला येशील?”

“फडकं धुवायला,” ती म्हणाली. लग्नानंतर तिने केलेला हा पहिला विनोद. आर्मांला हसू आलं नाही, पण त्या दिवशी तो जेवला.

मे उजाडला आणि आन्सेल्म घरी आला. कुबड्या घेऊन अंगणात फिरायचा, मळ्याकडे बघायचा, जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबायचा आणि परत फिरायचा. किल्ली त्याने मागितली नाही. ती अजून आर्मांच्या खिशात होती. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी न्याहारी झाल्यावर तो म्हणाला, “मला वर न्या.”

“डॉक्टर नको म्हणालेत,” ओदेत म्हणाली.

“डॉक्टरला न्या म्हणत नाहीये. मला न्या.”

आर्मांने आणि पोस्टमनने त्याला खुर्चीत बसवून जिना चढवला. पोस्टमनला काय होतंय ते पाहायचं होतं, पण आत्याने त्याला खाली एक ग्लास देऊन बसवलं. ग्लासाला नाही म्हणाला असता तर तो पोस्टमन राहिला नसता.

माडीवर उजेड कमी होता. सात पिंपं भिंतीशी रांगेने होती. आन्सेल्मने खुर्ची कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या पिंपापाशी न्यायला लावली. हे येत्या हिवाळ्यात उघडायचं होतं. त्याने पिंपाच्या पोटाच्या लाकडी तोटीची चावी जराशी फिरवली, घोटभर वाइन ग्लासात घेतली, वास घेतला, तोंडात घेतली, आणि बराच वेळ गिळली नाही.

“यात कोणीतरी तरुण शिरलंय,” तो म्हणाला.

आर्मां उभा होता. ओदेत त्याच्यामागे, आणि आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

“मी भरली, बाबा,” तो म्हणाला. “सगळी. साय पण मीच काढली.”

“का?”

“मला वाटलं, तुम्हाला जिना चढवत नाही म्हणून अशी राहिली असतील. तुम्हाला सांगायची लाज वाटत असेल. म्हणून न बोलता करून टाकलं.”

“म्हणजे तू माझी अब्रू वाचवत होतास.”

“हो.”

आन्सेल्मने ग्लास पिंपावर ठेवला. “तुमच्याकडे किती दिवसांनी भरतात?”

“दर सोमवारी.”

“मग पिता कधी?”

आन्सेल्मने खुर्ची पुढच्या पिंपाशी सरकवायला लावली. बूच काढलं, भोकाला नाक लावलं. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक ठिकाणी आरसा आणि मेणबत्ती मागून घेतली. पाच पिंपांत पातळ साय धरली होती, कुठे बेटं होती, कुठे सलग होत आली होती. आर्मां त्याच्या पाठीकडे बघत होता. पाठीवरून काही कळत नव्हतं.

गेल्या तोडणीनंतर भरलेल्या शेवटच्या पिंपापाशी म्हातारा फार वेळ थांबला. तिथे साय सर्वांत चांगली धरली होती. त्याने दोनदा वास घेतला.

“शेजारचा वास येतोय,” तो म्हणाला.

खाली पोस्टमनने ग्लास ठेवलेला वर ऐकू आला.

“खिडकी उघडी राहिली असेल,” झेली आत्या म्हणाली.

आन्सेल्मने खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती. तिच्या कडीवर जुनं कोळिष्टक होतं, आणि पलीकडे गोद्रेंच्या माडीची तशीच बंद खिडकी. त्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने नजर वळवली नाही.

“असेल,” तो म्हणाला. मग ओदेतला म्हणाला, “आता उघडीच राहू दे.”

ओदेतने जाऊन कडी काढली. खिडकी कुरकुरली.

“जुनी सहा साधी पांढरी म्हणून जातील,” तो आर्मांला म्हणाला. “त्यांच्यात नवी मिसळली, त्यांचं वय मोडलं. पिवळ्याच्या बाटलीत त्यातला थेंब जायचा नाही. कळलं?”

“कळलं.”

“हे एक मात्र आपलं आहे. तू वरून घातलीस ती याच हंगामातली, म्हणजे याचं वय तेच राहिलं. पण अजून भरलेलं आहे. काढ.”

“मी पोकळी केलीय, बाबा.”

“बर्गंडीची पोकळी केलीयस. काढ.”

आर्मांने साय हलणार नाही अशा बेताने खालच्या चावीखाली बादली लावली. वाइन धारेने पडू लागली. थोड्या वेळाने त्याने चावी बंद केली.

“अजून,” आन्सेल्म म्हणाला.

तो पुन्हा थांबला.

“अजून. भीती वाटते?”

“वाटते.”

“वाटू दे. मला या माडीवर रोज वाटायची. म्हणून तर किल्ली देत नव्हतो कोणाला. सोसवायची नाही ती तुम्हाला.” मग त्याने उजव्या हाताची मूठ वळली आणि पिंपावर, बुचाच्या भोकाशेजारी उभी धरली. “वरून खाली एवढी जागा. ही उंची. जास्त नको, कमी नको.”

त्याची मूठ लहान होती, सांधे सुजलेले. आर्मांचा पंजा तिच्या दीडपट. त्याने खिडकीत पडलेली वेलीची वाळकी काडी उचलली, म्हाताऱ्याच्या मुठीशेजारी धरली आणि चाकूने तेवढीच कापून घेतली. आन्सेल्म मूठ न हलवता बसून राहिला.

“हे उघडायला सहा हिवाळे जातील,” आर्मां म्हणाला.

आन्सेल्म मनात काहीतरी मोजत होता. मोजता मोजता थांबला.

“जाऊ देत,” तो म्हणाला. “मला खाली न्या, पोस्टमन बाटली संपवेल.”

किल्ली त्याने त्या दिवशीही मागितली नाही.

त्या हिवाळ्यात दरवर्षीप्रमाणे लोक पिंप उघडायला आले. डॉक्टर आले, पाद्रीबाबा आले, शहरातला हॉटेलवाला आला. आन्सेल्म दारात कुबड्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, “या वर्षी नाही. मी पडलो, हयगय झाली.” खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी मान हलवली, पायाची चौकशी केली, आणि साध्या पांढऱ्याचा एकेक ग्लास पिऊन गेले. आर्मां आत होता. त्याला सगळं ऐकू आलं. पुढची चार वर्षं म्हाताऱ्याने दारात उभं राहून हेच वाक्य सांगितलं. कुबड्या गेल्या, काठी आली, वाक्य तेच राहिलं. आर्मांने एकदा पुढे होऊन बोलायचा प्रयत्न केला तेव्हा सासऱ्याने काठी त्याच्या बुटावर टेकवली.

पाचव्या वर्षी द्राक्षांची तोडणी संपत आली होती. आन्सेल्म अंगणात खुर्ची टाकून टोपल्या आत जाताना बघत होता. शेवटची टोपली गेली ती त्याने पाहिली की नाही हे कोणाला सांगता आलं नाही.

प्रेतयात्रेत गोद्रेंच्या म्हाताऱ्याने टोपी काढली.

आणि मग तो हिवाळा आला. लोक जमले. पिंपाच्या पोटाची तोटी आर्मांने उघडली. वाइन आली ती पिवळी होती, आणि खोलीभर अक्रोडाचा वास सुटला. झेली आत्या आता काठीशिवाय चालत नव्हती, पण बोट अजून वर होत होतं. राजा गेला, वेली गेल्या, दोन लढाया झाल्या, ती सांगत होती, पण बाहेरची साय या घरात शिरली नाही.

लेओंतीन गोद्रे पहिल्यांदाच पुढच्या दाराने आली होती. ती अगदी पुढच्या बाकावर बसून ते सगळं ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर चर्चमधली भक्ती होती.

“कशी आहे, काकू?” आर्मांने विचारलं.

तिने घोट घेतला. खिडकीतून गल्लीपलीकडे, आपल्या माडीकडे पाहिलं.

“जाकमारांची आहे,” ती म्हणाली. “ओळखू येते.”

ओदेतने चीजची थाळी उचलली आणि ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

लोक पांगल्यावर आर्मां माडीवर गेला. त्या हंगामाचं नवं पिंप भरायचं राहिलं होतं. खिडकी उघडीच होती, गार वारा येत होता. त्याने झारीने हळूहळू वाइन ओतली, थांबला, आणखी थोडी ओतली. हाताला अजून काठापर्यंत जावंसं वाटत होतं. किल्लीच्या दोऱ्याला बांधलेली काडी त्याने सोडली आणि भोकातून उभी आत धरली. खालचं टोक वाइनला लागलं. वर रिकामी जागा राहिली ती एका लहान, सांधे सुजलेल्या मुठीएवढी.

त्याने काडी पुसली, आणि बूच बसवलं.